लोण्यामागचा घटसर्प

साडू तऱ्हेतऱ्हेचे असतात, पण मेलेल्या बैलाचं हाड काखोटीला मारून सासुरवाडीला येणारा साडू देवाने एकच घडवला आणि नेमका माझ्या पदरात टाकला.

हे गृहस्थ परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात जंतू पाळायचे. पाळायचे असंच म्हणायला हवं, कारण गुरं बरी करण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. जनावर दगावलं की बाकीचे डॉक्टर हळहळत, यांचा चेहरा खुले. घटसर्पाचा जंतू धडधाकट गुरांच्या घशातही सापडतो, मग एखादाच असा का निघतो की सकाळी कडबा खाणारा बैल दिवेलागणीला गळा सुजून मरतो, हा एकच प्रश्न त्यांनी जन्मभर चघळला. "जंतूच्या पोटात लिहिलेलं हाय, साडूभाऊ. कुठल्या ओळीत, तेवढं सापडंना झालंय." हे ज्ञान ते लग्नाच्या पंगतीतही वाढत. एकदा सुजलेल्या गळ्याचं वर्णन ऐकून नवरदेवाच्या मामाने जिलबी तशीच टाकली.

पालमकडे एक बैल मेला, तेव्हा त्याच्या पायाचं नळीचं हाड घेऊन हे सासुरवाडीला यायला एसटीत बसले. हाडातल्या मगजात जंतू टिकतो म्हणे. वास सुटल्यावर कंडक्टरने विचारलं, "गाठोड्यात काय हाय?" हे म्हणाले, "खून झालाय, पुरावा न्यायलोय." पुढच्याच फाट्यावर त्यांना उतरवलं. पण त्या हाडातून निघालेला जंतू एका रात्रीत उंदीर मारायचा, आणि पोराने बोर्डात नंबर काढावा तशा थाटात ते हे सांगत सुटायचे.

कॉलेजात वीज सारखी जायची. आमच्या घराची लाइन शेजारच्या दवाखान्याची, ती कधी जात नसे, म्हणून त्या पालमच्या जंतूची वाळवून बंद केलेली काचेची कुपी त्यांनी एका डबीत घालून आमच्या फ्रिजमध्ये लोण्यामागे ठेवली.

"दाजी, लेकरं हात घालत्यात हो फ्रिजात!" बायको ओरडली.

"घटसर्प बैलाला होतो. हे काय बैल हायत का?" माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले.

मी पंधरा दिवस कळ काढली. मग जुन्या पातेल्यात ती कुपी तासभर उकळली, जास्वंदीखाली पुरली आणि रिकामी डबी जागच्या जागी ठेवली. सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

पुढे बंगलोरहून एक शास्त्रज्ञ आले. जंतूतली जनुकं वाचण्याची सोय त्यांच्याकडे होती, आणि आमच्या साडूंचा जंतू खरोखर मारका असेल तर ते तो नेणार होते. साडूंनी कॉलेजात वाढवत ठेवलेला तोच जंतू उंदराला टोचला. दुसऱ्या दिवशी उंदीर मजेत भिजवलेले हरभरे खात बसला होता. प्रयोगशाळेत रोज आयतं खायला मिळालं की जंतू मारणंच विसरतो. कॉलेजभर हसू झालं. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात साडूंची लूना दारात आली.

"असली पालमवाला तर तुमच्या लोण्यामागं हाय!" म्हणत त्यांनी फ्रिज उघडला, डबी काढली. रिकामी.

मी सांगून टाकलं. जंतूला किडा म्हणालो म्हणून महिनाभर अबोला धरलेला हा माणूस आता माझा गळा धरणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी रिकाम्या डबीचं झाकण लावून ती परत लोण्यामागे ठेवली.

"लेकरंबाळं हायत घरात," ते म्हणाले. "तुमी केलं ते बरोबरच केलं."

आणि फ्रिजचं दार त्यांनी हलकेच लावलं. संध्याकाळच्या गाडीने बंगलोरचे पाहुणे रिकाम्या हाताने गेले. नंतर कितीतरी वर्षं साडू हाडं आणत राहिले, पण तसा जंतू पुन्हा मिळाला नाही. मला तेव्हा लाज वाटली होती, आजही वाटते.

आता ते नाहीत. परवा त्यांची नात सांगत होती की हल्ली जंतूतली ओळन्‌ओळ यंत्रं वाचतात. "आजोबांचा एखादा जंतू हाय का हो कुठं ठेवलेला?" तिने विचारलं. मी जास्वंदीकडे बघत म्हणालो, "नाही."