हरायचे तीन सामने

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला तपकिरी फिल्म लावलेली होती. बाहेरून आतलं काही दिसत नसे. आतून मात्र कंपनीचं बास्केटबॉलचं अख्खं मैदान दिसायचं. सौदीतल्या अल खफजीत बारावीनंतर मुलीने करण्यासारखं फारसं काही नव्हतं. मी पोस्टाने बी.कॉम. करत होते, आणि गुरुवारी-शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, त्या खिडकीशी बसून सामने लिहीत होते.

खरोखरच लिहीत होते. बाबा प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. फॉरमॅट बदलला की जुन्या कोऱ्या लॉगशीटचे गठ्ठे ते घरी आणत. वर वेळेचे रकाने, डावीकडे प्रेशर-टेंपरेचरच्या ओळी, खाली उजव्या कोपऱ्यात 'तपासले' म्हणून सहीची चौकट. मी ओळींवर खेळाडूंचे नंबर घातले आणि तासांची मिनिटं केली. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, किती गुण केले, बॉल कितीदा घालवला, सगळं त्यात असे. बाबांनी लहानपणीच शिकवलं होतं, शिफ्टवरचा माणूस जे दिसतं ते लिहितो, जे हवं असतं ते नाही. मला बोलायला जमत नसे, लिहायला जमे.

बास्केटबॉल फिलिपिनो लोकांचा. त्यांनीच कॅम्पमध्ये लीग सुरू केली होती. मरीन, स्टोअर्स, पॉवर, ड्रिलिंग, केटरिंग आणि आमची प्लांटची, अशा सहा टीम. बाबांनी आयुष्यात बास्केटबॉल खेळलेला नव्हता. मैदानाच्या परवानगीचा फॉर्म इंग्रजीत भरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ते प्लांटच्या टीमचे मॅनेजर झाले आणि मग होऊनच राहिले.

लीगमध्ये एक नियम अमेरिकेच्या लीगमधून उचललेला होता. त्या वर्षांत तेलाला भाव होता. दर काही महिन्यांनी नव्या माणसांनी भरलेली बस कॅम्पच्या गेटाशी येऊन थांबे. ईदनंतर त्या वर्षीच्या नव्या माणसांतल्या खेळणाऱ्यांना मैदानावर उभं करायचं आणि एकेका टीमने एकेक माणूस निवडायचा. निवडीत पहिला हक्क शेवटच्या नंबरावर आलेल्या टीमचा. याला सगळे ड्राफ्ट म्हणत. टीममध्ये माणसं दहाच, जर्सीही दहाच. नवा आला की जुना एक जाणार.

त्या वर्षी तीन सामने उरले असताना आम्ही खालून दुसरे होतो. आमच्या खाली फक्त केटरिंग, आणि शेवटचा सामना त्यांच्याशीच होता.

जुम्म्याच्या दिवशी दुपारी आमच्याकडे बॅचलर कॅम्पमधली दोघं-तिघं जेवायला येत. आई सुरमईचं कालवण करी. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून पुरुष बसत, मी आणि आई आत. वेल्डर काका गुहागरकडचे, बाबांच्याच वयाचे. ते खेळत नसत, पण एकही सामना चुकवत नसत. टीमचा कॅप्टन फिलिपिनो इलेक्ट्रिशियन होता. तो आईचं कालवण घाम पुसत खायचा. तिसरा एक स्कॅफोल्डर, प्लांटमध्ये पाइपांची परांची बांधणारा, तेवीस वर्षांचा, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. तो बाबांना काका म्हणे आणि जेवल्यावर स्वतःचं ताट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणून, आत न बघता, खाली ठेवे. प्लांटच्या टीममध्ये नऊ नंबरची जर्सी त्याची. डावखुरा होता. बहुतेक वेळ बाकावर असे.

त्या शुक्रवारी त्याची ड्युटी होती, तो आला नव्हता. वेल्डर काकांनी बातमी आणली.

"क्रेनवाला येतोय. लुधियानाचा. माझा मेहुणा एजंटच्या ऑफिसात आहे, त्याने मेडिकलचा कागद बघितलाय. सहा फूट पाच इंच! दारातून वाकून येतो माणूस."

"फिर?" कॅप्टनने विचारलं.

"फिर क्या? शेवटचे आलो तर तो आपला. पाचवे आलो तर केटरिंगवाले उचलणार. एवढा उंच माणूस, आणि खेळणार कुणासाठी, तर खबूस रोट्या भाजणाऱ्यांसाठी!"

बाबा माशाचे काटे काढत होते. "मुद्दाम हरा म्हणून मी सांगणार नाही."

"सांगू नका हो. पण जिंकून तरी काय मिळणार? चौथा नंबर? पेढे वाटणार आहात?"

"नो गुड, भाई," कॅप्टन म्हणाला. "आज लूज, कल लूज, फिर आदत हो जाता. बच्चा लोग को खिलाओ. नंबर नाईन को खिलाओ. नेक्स्ट इयर रेडी."

"तो? पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा धावतो. बॉल एकीकडे, हा दुसरीकडे."

"टाइम दो, सीखेगा."

"किती टाइम? त्याचं दोन वर्षांचं काँट्रॅक्ट. शिकेपर्यंत परतीची एक्झिट लागेल. आणि क्रेनवाला शिकूनच येतोय ना! तयार माल सोडायचा आणि कच्चा शिजवत बसायचं?"

हे असं अर्धा तास चाललं. बाबा मध्येच "बरं" म्हणत, मध्येच "बघू" म्हणत. ते बारा तासांच्या नाइट शिफ्टवरून आले होते आणि त्यांचे डोळे मिटत होते.

माझ्याकडे उत्तर होतं. सगळ्या सामन्यांच्या लॉगशीट होत्या. नऊ नंबर आत असताना टीम किती मागे पडली, हे मी पेन्सिलीने वेगळं काढून ठेवलं होतं, एका रकान्यात एक सामना, त्यात खाली त्याच्या एकेका खेपेचा हिशेब. सुरुवातीला तो आला की आम्ही खूप मागे पडायचो. मग थोडं कमी. मग आणखी कमी. गेल्या दोन सामन्यांत जवळजवळ बरोबरी. कॅप्टनचं म्हणणं खरं होतं आणि ते कागदावर दिसत होतं.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि कागद बाबांसमोर ठेवले. बोलले काहीच नाही. मला वाटलं, दिसेलच.

वेल्डर काकांनी चष्मा लावला. "हे कोण लिहितं? पोरगी? शाब्बास! अहो, हे बघा. नऊ नंबर, मायनस. नऊ नंबर, मायनस. पुन्हा मायनस." ते बोट वरून खाली नेत होते. "हा आत आला की आपण मागेच. एकदासुद्धा पुढे नाही!"

लॉगशीट वरून खाली वाचायची नसते. एका तासाच्या रीडिंगने काही कळत नाही, डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की काय चढतंय, काय उतरतंय ते कळतं. बाबांना हे माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. माझ्या तोंडात, नेहमीसारखं इंग्रजीत, एक वाक्य तयार होतं. मी दाराशी रिकामा ट्रे धरून उभी राहिले, आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

"मग भांडण कशाला?" वेल्डर काका खूश झाले. "कॅप्टन, तुझं पण खरं, माझं पण खरं. खिलाओ नंबर नाईन को! पूरा टाइम! तो शिकेल, आपण हरू. मुद्दाम कुणीच काही केलेलं नाही."

कॅप्टन कागदाकडे बघत राहिला. त्याला काहीतरी खटकत होतं, पण पोराला खेळवा असं तोच म्हणाला होता.

"खेळू दे त्याला," बाबा म्हणाले. "व्हायचं ते होईल." आणि तिथेच गालिच्यावर आडवे झाले.

पहिला सामना आम्ही वाईट हरलो. दुसरा हरलो, पण फार नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी नऊ नंबरवाला जेवायला आला तेव्हा त्याचा आवाज मला आतून ओळखू आला नाही, इतका मोठा होता.

"काका, पूर्ण वेळ! दोन्ही सामने! एकदापण बाहेर काढलं नाहीत. घरी फोन केला तर आई म्हणते, लागलं-बिगलं तर? मी म्हटलं, आता मी पहिल्या पाचांत आहे, लागणारच."

"खेळ, खेळ," वेल्डर काका म्हणाले. "बिनधास्त चुका कर. आम्ही आहोत."

"नाही, आता चुका कमी झाल्यात. काकांनी भरवसा ठेवला ना. केटरिंगला सोडत नाही बघा."

हॉलमधून बाबांनी पाणी मागितलं. आईने मला अजून एक तुकडी वाढली. मी ती बाजूला सारली.

केटरिंगचा सामना गुरुवारी होता. समुद्रावरून दमट हवा येत होती, खिडकीच्या काचेवर पाणी धरत होतं आणि मी ते ओढणीने पुसत होते. केटरिंगवाल्यांना क्रेनवाल्याची खबर नव्हती, किंवा असली तरी पर्वा नव्हती. शेवटचं यायचं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. ते मेसमधल्या देगा आणि पळ्या घेऊन आले होते आणि प्रत्येक बास्केटला बडवत होते.

तो छान खेळला. मला खेळातलं सगळं कळत होतं असं नाही, पण त्या दिवशी त्याच्या ओळीत 'बॉल घालवला' हा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. चार मिनिटं उरली होती आणि आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. नऊ नंबर आत असताना, पहिल्यांदाच.

वेल्डर काका उठले. बाकाच्या मागून बाबांपाशी गेले आणि त्यांच्या कानाशी वाकले. बाबा बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मग त्यांनी हात वर केला.

तो धावतच बाहेर आला. त्याला वाटलं असेल, काही सांगायचंय. बाबांनी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि बाकाकडे बोट दाखवलं. त्याने काहीतरी विचारलं. बाबांनी नकाराची मान हलवली. तो बसला, टॉवेल डोक्यावर घेतला, मग काढला, आणि पुढची चार मिनिटं दर वेळी खेळ थांबला की अर्धा उठून बाबांकडे बघत राहिला.

आम्ही दोन गुणांनी हरलो. केटरिंगवाले देगा बडवत मेसकडे गेले. कॅप्टनने बूट काढून हातात घेतले आणि बाबांशी हात न मिळवता अनवाणी बरॅककडे चालत गेला.

शनिवारी बाबांनी जेवताना सांगितलं, "तो पोरगा कागद मागतोय. त्याच्या त्या सामन्याचा. घरी पाठवणार म्हणतो. मी म्हटलं, आमच्याकडे लिहितात, देतो."

मी नवी कोरी लॉगशीट घेतली आणि सुवाच्य अक्षरात उतरवायला बसले. आई भाजी निवडत होती. शेवटच्या रकान्यांपाशी आले तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेवढं शेवटचं नको लिहूस. गुण लिही, झालं. त्याची आई काय रकाने बघतेय?"

मी घरात मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची. आईला त्याचा राग येई. त्या दिवशी मी फक्त लिहिलं: चार मिनिटं शिल्लक, प्लांट पाचने पुढे, नऊ नंबर बाहेर, दुखापत नाही, परत आत नाही.

रात्रीच्या शिफ्टला निघताना बाबांनी कागद उचलला. उभ्याउभ्याच वाचला. डावीकडून उजवीकडे.

"एवढं सगळं हवं होतं का?"

"रीडिंग आहे, बाबा," मी मराठीत म्हणाले.

ते खुर्चीवर बसले. सेफ्टी शूजची नाडी एका पायाची बांधलेली, एका पायाची सुटलेली. मग माझी पेन्सिल बाजूला सारून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि खालच्या चौकटीत, 'तपासले'समोर, ड्युटीवर करतात तशी पूर्ण सही केली. कागद घडी करून खिशात घातला आणि नाडी बांधून गेले.

पुढच्या शुक्रवारी तो जेवायला आला नाही. ईदच्या आधी एकदा दारात आला तेवढाच. बाबा झोपले होते, आईने दार अर्धं उघडलं. जर्सी धुऊन, इस्त्री करून आणली होती.

"ड्राफ्टनंतर एकाला काढावंच लागेल ना, काकी. काकांना नाव खोडायला बरं वाटणार नाही." मग जर्सी पुढे करत म्हणाला, "लिहिणाऱ्याला सांगा, बरोबर लिहिलंय."

मी आत, दाराच्या आड होते. त्याला ते माहीत असावं. तरीही मी बाहेर गेले नाही. काही महिन्यांनी त्याला कंपनीने जिझानच्या कामावर पाठवलं. मग त्याची काही खबर नाही.

लुधियानाचा क्रेनवाला आला. खरंच वाकून आत येत असे. खेळायचाही चांगला. पुढच्या वर्षी आम्ही तिसरे आलो. वेल्डर काकांनी खरोखरच पेढे वाटले, आणि ते म्हणाले ते बरोबरच होतं असं सगळे म्हणाले. कॅप्टनही म्हणाला, पण जेवायला यायचा तेव्हा बाबांशी कमी बोलायचा.

मी लिहीत राहिले, दुसरं काही करायला नव्हतं. त्या वर्षी एक गोष्ट नवीन पाहिली. कुणाला बाहेर काढायचं असलं की बाबा हात वर करण्याआधी मान वळवून आमच्या खिडकीकडे बघायचे. तपकिरी काचेत त्यांना काहीच दिसत नसणार. तरी ते थोडा वेळ बघत, आणि मग हात वर करत. तेही मी लिहून ठेवत असे, वेळेसकट.