मार्थाबाईंनी नाकारलेली तार

“भाऊसाहेब, बाई तार लेस नही. म्हनस, नाताळ हुई जाऊ द्या, मंग लई या.”

दगडूनानांनी तारेचं बंद पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. धुळ्याच्या तार ऑफिसात ते शिपाई, मी सिग्नलर. सिग्नलर म्हणजे यंत्राची कट्ट-कड ऐकून त्याची अक्षरं करून कागदावर उतरवणारा. आमचं दोघांचं तेव्हा जरा बिनसलेलं होतं. लोकांकडे बक्षीस मागतात म्हणून गेल्याच महिन्यात मी तक्रार केली आणि त्यांना दंड झाला. खात्यात बक्षिसाला मनाई होती आणि मी पडलो नियमाचा माणूस.

दुसरं महायुद्ध चालू होतं. नाताळ दोन दिवसांवर आला होता. ही तार सकाळी मीच उतरवली होती, त्यामुळे आत काय आहे ते मला ठाऊक होतं. पण मजकूर कुणालाही सांगायचा नाही, ही आमची शपथ. शिपायालासुद्धा नाही.

मार्थाबाई चर्चमागे राहायच्या. विधवा बाई, मिशनच्या शाळेत शिवण शिकवायच्या. एकुलता एक योहान फौजेत. पावसाळ्यात त्यांना पहिली तार आली होती, योहान बेपत्ता असल्याची. तीही दगडूनानांनीच दिली होती. आता तोच माणूस तसलंच पाकीट घेऊन दारात उभा राहिल्यावर बाई दुसरं काय समजणार?

पोस्टमास्तरांकडे गेलो.

“‘रिफ्यूज्ड’ असा शेरा मारा आणि परत पाठवा,” ते म्हणाले.

“साहेब, परत गेली की कागद महिनोन्‌महिने फिरत राहील. मी जाऊन बघू का?”

“बघा. पण मजकुरातलं अक्षर जरी बोललात तर नोकरी गेली समजा.”

सायकल काढली. बाईंच्या दारावर कागदाची चांदणी टांगलेली होती. आतून करंज्या तळल्याचा वास येत होता. बाईंनी दार उघडलं, पाकीट पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

“तारमास्तर, ही चांदणी योहानच करायचा. यंदा मी केली. तो येईल एवढ्याच आशेवर केली. परवा प्रभूच्या जन्माची गाणी मला सगळ्यांबरोबर म्हणायचीत. तेवढे दोन दिवस ती आशा राहू द्या. मग आणा, मी सही करीन.”

‘अहो, जिवंत आहे तो!’ अगदी ओठांवर आलं होतं. त्या शपथेचा मला असा राग पूर्वी कधी आला नव्हता.

आणि मला दगडूनानांची खोड आठवली. पाकीट फोडून घरातली माणसं हसली की नाना बक्षीस मागत. रडली की मुकाट निघून जात. हे साऱ्या धुळ्याला माहीत होतं.

“बाई,” मी म्हटलं, “सही तुमच्या सवडीनं करा. पण बक्षीस घेतल्याशिवाय मी हलायचा नाही.”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मरणाची तार देताना बक्षीस कोण मागतं?

“काय म्हणालात?”

“बक्षीस. करंजी चालेल. गरम असतील तर दोन.”

हात पदराखालून बाहेर आला. सही वाकडीतिकडी झाली, पण झाली. आता तार त्यांची. त्यांनीच वाचायला सांगितल्यावर वाचणं काही गुन्हा नव्हे. योहान शत्रूच्या कैदेत होता, पण जिवंत होता. बाई “प्रभू, प्रभू” म्हणत उंबऱ्यावरच बसल्या आणि रडल्या. मीही रडलो, त्यात लाजायचं काय? नंतर घाईघाईत करंजीनं जीभ मात्र पोळली.

ऑफिसात दगडूनाना वाटच बघत होते. सगळं ऐकून म्हणाले, “माले दंड, नि बक्षीस तुम्हीच खाई उनात?”

नोकरीत मी एवढंच शिकलो : दोन नियम एकमेकांच्या आड आले, तर कमी दंडाचा मोडावा.

लढाई संपल्यावर योहानची ‘घरी येतोय’ अशी तार आली. तीही मीच उतरवली. या वेळी मात्र दगडूनानांना धाडलं आणि बजावलं, करंजी मागितल्याशिवाय परत यायचं नाही.