गिरिजाबाईंचा वटवट्या

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून गिरिजाबाईंचा पाय सिल्व्हर पार्कच्या घरात ठरत नव्हता. हिवाळी वटवट्या पक्षी चैत्रात उत्तरेला परततात, त्याआधी एक तरी बघायचा म्हणून गिरिजाबाई पहाटेच निघाल्या. राई गावाजवळच्या खाडीच्या बांधावर तीन तास चालल्या. किलबिल ऐकू येई, पक्षी दिसेना. शेवटी राघो कोळ्याच्या होडीत बसल्या. तिथेही चुळबूळ चालूच.

"बाय, गप बस जरा," राघो म्हणाला. "तू हाललीस का होडी हालते."

त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. तेवढ्यात समोरच्या तिवराच्या फांदीवर इवलासा वटवट्या उतरला. तोही स्वस्थ बसेना. या पानावरून त्या पानावर उड्या मारत राहिला.

"अरे, हा तर माझ्यासारखाच!" गिरिजाबाई हसल्या. पक्षी भुर्रकन उडाला.

"आता परत फिरू?" राघोने विचारलं.

"छे! त्या वळणापलीकडे चला."