अक्कांचं बटण

उडदाची डाळ भाजल्याचा वास आला की मला तंजावूरच्या आमच्या पाककृती मंडळाची पहिली वेबसाइट आठवते. ती मीच केली होती. घरोघरच्या पाककृती पंधरा दिवस खपून देवनागरीत टाइप केल्या आणि रविवारी, मंडळातल्या सर्वांत वडील अक्कांच्या घरी, लॅपटॉप उघडला. सगळे पडद्याकडे बघत राहिले; कुणालाच एक ओळ वाचता येईना. घरी मराठी बोलणारी ही माणसं शाळेत तमिळ शिकलेली; हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे देवनागरी वाचता यायची ती एकट्या मला, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "सेरी, बरं, तूच वाच," अक्का म्हणाल्या. मी डांगर पच्चडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ कालवलेलं दही, वाचली. त्यांनी दोन चुका काढल्या आणि विचारलं, "आता प्रत्येकाच्या घरी येऊन वाचणार का रे?" मी चिडून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो त्यांच्यापुढे धरला, "मग तुम्हीच सांगा." तेच रेकॉर्डिंग साइटवर चढवलं, आणि ते ऐकायला पाककृतीशेजारी एक बटण ठेवलं. अक्का जाऊन आता चार वर्षं झाली. पच्चडी करताना मी अजून ते बटण दाबतो. सगळं सांगून झाल्यावर त्या विचारतात, "नीट ऐकू येतंय का रे?" आणि मी दह्यात पीठ कालवता कालवता म्हणतो, "येतंय, अक्का."