न मागितलेली परवानगी

मिस आर्डिथ वॉटलरनं उभी हयात कर वाचवू पाहणाऱ्या परक्या कंपन्यांना केमन बेटांवरचा पत्ता मिळवून देण्यात घालवली. मालक हाँगकाँगचा, जहाज ग्रीसमध्ये, पैसा देव जाणे कुठे, आणि कागदोपत्री घर मात्र इथे जॉर्जटाउनमध्ये, आर्डिथच्या टेबलावर. याची तिला कधी लाज वाटली नाही. कुणी पाहुणा नाक मुरडायला लागला की ती ताडकन म्हणायची, "आमच्या बापांनी परक्यांच्या बोटींवर जन्म काढला, आयांनी ताडपानांचे दोर वळून हात सोलून घेतले. डास तर असे, की गाई गुदमरून मरायच्या. तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

पण ज्या धंद्यानं बेटाला जेवू घातलं, त्यानंच बेटाचा किनारा गिळायला घेतला. आर्डिथ निवृत्त झाली आणि तिच्याच जुन्या कंपनीनं तिच्या घरामागची जमीन घेऊन साहेबलोकांसाठी बंगले बांधले. समुद्राकडे जाणारी गावाची वाट त्याच आवारातून जाते. वाटेवर आडवा दांडा आला, पहारेकरी आला. लोक मुकाट्यानं वळसा घालायला लागले. निम्म्या गावाची पोरं त्याच कंपनीत नोकरीला, मग तोंड कोण उघडणार?

नाताळात आमच्याकडे अंगणभर पांढरी वाळू पसरतात. बायका ती टोपल्यांनी किनाऱ्यावरून वाहून आणतात. त्या डिसेंबरात आर्डिथनं रविवारी चर्चबाहेर सगळ्यांना ऐकवलं, की यंदा वाळू जुन्या वाटेनंच आणणार. मग कसाव्याच्या कंदाचा केक ओव्हनमध्ये सरकवला, टोपली उचलली आणि भर दुपारी दांड्यापाशी जाऊन उभी राहिली. गंमत बघायला शेजारणीही जमल्या.

पलीकडे कंपनीचे नवे मॅनेजर, ऑल्डर्टन साहेब, वाट बघतच होते. शेजारी कर्विन, आर्डिथच्या बहिणीचा मुलगा, कंपनीचा वकील.

साहेब हसतमुखानं पुढे आले. "मिस आर्डिथ, तुम्ही तर आमच्या घरच्या! हा घ्या पास, तुमच्या नावाचा. हवं तेव्हा या, हवी तेवढी वाळू न्या."

"घे गं," एक शेजारीण कुजबुजली. "देतायत तर नखरे कशाला?"

आर्डिथनं पासाकडे पाहिलं, मग भाच्याकडे. कर्विननं मान खाली घातली. हे डोकं कुणाचं, ते तिला कळून चुकलं. कायदा दोघांनाही पाठ होता. वर्षानुवर्षं न विचारता तुडवलेली वाट लोकांच्या हक्काची होते. परवानगी घेऊन पाऊल टाकलं, की ती मालकाची मेहेरबानी, उद्या काढूनही घेता येते.

"कर्विन, ही तुझी करामत ना?"

"मावशी, घे ना. तुझं काम होतंय. माझ्या घराचे हप्ते आहेत गं."

"माझं होतंय. आणि या बाकीच्यांचं?"

"पण ही वाट वापरतंय कोण?" साहेब म्हणाले. "तुम्ही इथून चालता याला पुरावा काय?"

आर्डिथचा पारा चढला. "पुरावा? ज्यांनी या बेटावर कधी पाय ठेवला नाही, अशा हजारो कंपन्या इथेच राहतात म्हणून मी जन्मभर कागद केले. तेव्हा तुम्हा कुणाला पुरावा लागला नाही. आणि मी इथे जन्मले, इथेच रांगले, तर माझ्याकडे पुरावा मागता?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आर्डिथनं पासाला हातही लावला नाही. टोपली दांड्याखालून पुढे ढकलली, गुडघ्यांना चार शिव्या घातल्या आणि वाकून पलीकडे गेली. पहारेकऱ्यानं कर्विनकडे पाहिलं. कर्विन जागचा हलला नाही.

ती परतली तेव्हा भरल्या टोपलीनं तिचा श्वास फुलला होता. साहेबांनी कर्विनला कोपरानं ढोसलं. "सांग सगळ्यांना. आपण परवानगी दिली होती म्हणून."

कर्विनचा शर्ट घामानं भिजला होता. तो एक पाऊल पुढे आला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दिली होती, साहेब. पण तिनं घेतली नाही."

साहेबांचं हसू मावळलं. शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि टोपल्या आणायला घराकडे धूम ठोकली.

"तुझ्या हप्त्यांचं काय ते बघू," आर्डिथ भाच्याला म्हणाली. "आधी ही टोपली धर, मान मोडली माझी."