मुलांचे पाय बघणाऱ्या अव्वा

अव्वा मुलाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. सांगलीजवळच्या आमच्या गावच्या त्या पाटलीणबाई, जैन घराण्यातल्या. पाटील वारल्यावर पाटीलकी पुतण्याकडे गेली, पण पोराबाळांची गाऱ्हाणी मात्र अव्वांच्याच घरी, पुढच्या सोप्यात येत राहिली. दारुडा बाप, डोक्यावर परिणाम झालेली आई, घरात उपाशी ठेवलेलं पोर, असं काही आलं की पंच त्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नसत. त्या दाराआड बसायच्या आणि आई किंवा बाप अंगणात आला की मूल कुठे सरकतं एवढंच बघायच्या. मूल आईबापाकडे गेलं तर त्यांचं, मागे सरकलं तर अव्वांच्या घरी. "तोंडाला शिकवून आणत्यात," त्या म्हणायच्या, "पायाला कोण शिकवतंय?"

त्यांच्याकडे असं एखादं तरी पोर कायम असायचंच. शिस्त कडक. अंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ यायचं नाही, पानात टाकायचं नाही, खोटं बोललं तर पाठीत धपाटा. पण धपाटा घालून झाला की त्याच पाठीवरून हात फिरवायच्या, आणि दोन्ही एकाच चेहऱ्याने. त्यांच्या घरात कांदा येत नसे. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, कांद्याशिवाय भाकरी जात नसे. मग अव्वा शेजारणीकडून कांदा मागवायच्या, आम्हाला मागच्या पायरीवर बसवायच्या आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "खावा लवकर. वास माज्या नाकात बसतोय," म्हणायच्या. मला त्या आवडायच्या. हे तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

आम्ही त्यांच्याकडे कसे आलो ते थोडक्यात सांगते. वडील पलटणीत होते, ब्रह्मदेशच्या लढाईवर. ते तिकडे असतानाच आई तापाने गेली. ते परत आले ते धड परत आलेच नाहीत. झोपत नसत, दारू पीत, मधेच भिंतीवर ओरडत. एका बाजारच्या दिवशी आम्हाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं, सांगलीला गेले आणि तिकडेच राहिले. आमचं रडणं थांबलं तेव्हा शेजाऱ्यांना शंका आली. त्यांनी कुलूप तोडलं आणि आम्हाला अव्वांच्या सोप्यात आणून बसवलं.

वडील काही दिवसांनी आले. दाढी केलेली, पलटणीचे बूट घातलेले, शुद्धीवर. त्यांनी फक्त बाळूला मागितलं. मुलगी काय, आज ना उद्या दुसऱ्याच्याच घरी जायची, तेव्हा माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. मला स्वयंपाकघरात बसवलं होतं. अंगणात काय झालं ते मी पाहिलं नाही. पंचांचं बोलणं ऐकू आलं, आणि मग अव्वांचा आवाज आला, "पोर बापाकडं पळत गेलं. न्या."

महिना गेला. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. मी बोलत नसे, ते अव्वांना खुपायचं. "आगं, त्येची कशाला काळजी करतीस?" त्या म्हणाल्या. "बाप दिसल्याबरूबर कसा धावला! जाऊन पायापाशीच बसला. बुटाच्या नाड्या सोडाय लागला. मला लय बरं वाटलं बग."

मी सांगितलं, की आमच्याकडे तसंच करायचं असतं. वडील आले की पळत जाऊन नाड्या सोडायच्या. त्यांना सांगावं लागलं तर ते त्याच बुटाने लाथ मारायचे. बाळू लहान असून माझ्यापेक्षा लवकर शिकला होता.

अव्वांनी सूप खाली ठेवलं. गावची कामं करणाऱ्या तराळाला बरोबर घेतलं आणि भर उन्हात, डोक्यावरचा पदर सारखा न करता, आमच्या घरी गेल्या. बाळूला कडेवर घेऊन आल्या. वडिलांनी अडवलं नाही म्हणे. बाळूच्या उजव्या कानातून पू येत होता, आणि त्या कानाने त्याला पुढे कधीच ऐकू आलं नाही.

त्यानंतर अव्वांनी पाय बघणं सोडलं. पंच आले तर म्हणायच्या, "मला काय कळत न्हाई. पोर आठ दिस माज्यापाशी ऱ्हाऊ द्या, मग बगू." आठ दिवसांनी पुन्हा तेच म्हणायच्या. लोक माघारी हसायचे. पाटलीणबाई म्हाताऱ्या झाल्या म्हणायचे.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर वडील आले. मधल्या काळात ते माण तालुक्यात बहिणीकडे राहून तिची मेंढरं राखत होते. पायांत काही नव्हतं, अंगावर धुतलेलं धोतर आणि खांद्यावर एक नवी घोंगडी.

"आवं अव्वा, दारू सोडली. लेकरं दिवाळीपुरती द्या. माजी भन करंल त्येंचं. मागारी आणून सोडतो."

अव्वा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. या वेळी तोंडाकडे.

"सोडली आसशील. दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "पर मी एकदा चुकले. आता न्हाई देत."

"बरं हाय," वडील म्हणाले. घोंगडी पायरीवर ठेवली आणि गेले. बाळू खांबाला धरून उभा होता, मी त्याच्या मागे. आम्हाला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं मला फार पुढे कळलं.

उन्हाळ्यात माणहून एकजण निरोप घेऊन आला. वडील गेले होते. क्रियाकर्म तिकडेच उरकलं होतं. "मरस्तवर थेंब घेतला न्हाई वो," तो अव्वांना म्हणाला. "लेकरं कवा येत्याल म्हणून वाटंला डोळं लावून बसायचा." अव्वा सोप्यात खाली बसल्या. मी आणि बाळूने पाटीदप्तर घेतलं आणि शाळेत गेलो.

परत आलो तेव्हा चूल पेटलेली नव्हती. अव्वा तिथेच, तशाच बसलेल्या. डोळे सुजले होते. मला जवळ ओढून, एखाद्या मोठ्या बाईला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मी तवा न्हाई म्हणाले, ते बरूबर केलं का गं?"

 

"अव्वा, भूक लागलीय," मी म्हणाले.

त्या उठल्या. चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं आणि रडत रडत भाकरी थापू लागल्या. आम्ही दोघं जेवलो.