दुखून राहिलं

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या फडताळात डब्यांखाली रद्द झालेली पत्रकं अंथरलेली असायची, आणि ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मला पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी वाचता यायचे. संतापायला मी घरीच शिकले. किळस मात्र मला सरकारी दवाखान्यात आली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी तेव्हा बी.ए.ला होते. माझी आत्या उमरेडच्या पुढे विणकरांच्या एका गावात दिलेली. गावापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आरोग्य केंद्र होतं. त्याच्या भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण दरवर्षी नव्याने रंगवला जाई. आत डॉक्टरांची खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर धुतलेला टॉवेल होता. फक्त डॉक्टर नव्हते. ते नागपुरात राहत आणि एसटीने येत, म्हणजे येत तेव्हा येत. आत्याच्या पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा कंपाउंडरने तिने घरून नेलेल्या शिशीत लाल औषध भरून दिलं आणि जास्तच वाटलं तर नागपूरले न्या, असं मामाजींना सांगितलं. मामाजी म्हणजे आत्याचे यजमान. त्यांनी माग तसाच सोडला, तिला एसटीत बसवलं आणि नागपूरला आमच्या दारात आणलं. ती उभी राहत नव्हती, वाकूनच चालत होती.

पैसेवाले रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत जात. आम्ही तिला रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथला व्हरांडा असा होता. फिनाइल ओतलेलं, पण कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या पुसलेल्या नाहीत. उलटीवर टाकलेली राख. त्या राखेला ओलांडून माणसं रांगेत पुढे सरकायची, आणि थोड्या वेळाने आपणही ती न बघता ओलांडतो आहोत हे लक्षात यायचं. मामाजी रिकामी शिशी घेऊन औषधाच्या खिडकीपाशी आधीच जागा धरून उभे राहिले. मी आत्याला घेऊन डॉक्टरांच्या टेबलाशी पोचले.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, इकडे नवीनच आलेला. मागे शिकाऊ पोरं उभी होती. त्याने वर न बघता काय होतंय विचारलं.

“पोट दुखून राहिलं, सायब,” आत्या म्हणाली. “उलट्याही होऊन राहिल्या.”

“राहिल्या ना?”

“हो, राहिल्या.”

“मग आता कशाला आलात?”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, यायलाच नको होतं म्हणून तो रागावतोय. ती टेबलाला धरून उठू लागली. आणि मला काय झालं ते तेवढ्यात कळलं. त्याच्याकडे पाऊस राहिला म्हणजे पाऊस थांबला. दुखायचं राहिलं म्हणजे बरं वाटलं. आमच्याकडे दुखून राहिलं म्हणजे आत्ता, या क्षणी, दुखतंय. माझी आत्या आपल्या भाषेत ओरडून सांगत होती, आणि त्याच्या कानात ती बरी झाली होती. त्याने तोवर पाचक औषध लिहिलं होतं आणि शिशी आणली का, असं विचारून पुढच्याला हाक मारली होती.

मी त्याला समजावून सांगितलं. म्हटलं, इकडे याचा अर्थ अजून चालू आहे असा होतो.

“मग मराठीत सांगा ना,” तो म्हणाला.

मागची पोरं हसली. नागपूरचीच असतील त्यातली निम्मी. घरी त्यांची आईही असंच बोलत असेल.

ज्याला भाषा कळली नाही त्याला मी समजू शकते. पण त्याला हात होते. समोर बाई दुमडून बसलेली होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, ते कळायला भाषांतर लागत नव्हतं. पत्रकांतले सगळे शब्द माझ्या तोंडात आले. मी फक्त आत्याच्या स्टुलाला धरून उभी राहिले आणि म्हटलं, “सायब, हात तं लावून पाहा.”

मागून एका म्हातारीने मला ढोसलं. “सरक वं पोरी. आमचंबी दुखूनच राहिलं.”

आम्हाला घालवण्यासाठीच असेल, त्याने लुगड्यावरून दोन बोटं तिच्या उजव्या कुशीखाली दाबली. आत्या कळवळली. ती टेबलावर कोसळली. त्याने पेन ठेवलं आणि स्ट्रेचर मागवलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. दुपारीच ऑपरेशन झालं. त्याआधी मी मामाजींना सांगायला गेले तर ते खिडकीपाशी शिशी घेऊन तसेच उभे होते.

आत्या वाचली. गोष्ट इथे संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं.

राउंडला तोच डॉक्टर आला. खाटेपाशी थांबून त्याने पोरांना तो किस्सा रंगवून सांगितला, बाई म्हणते राहिलं, मी म्हणतो राहिलं ना. सगळे हसले. आत्याही हसली, टाक्यांवर हात दाबून धरत. डॉक्टरसाहेब आपल्याशी हसून बोलले याचंच तिला अप्रूप. ती किळस मला आली ती तिथे.

शेजारच्या खाटेवर कामठीकडच्या खेड्यातली एक बाई आली होती, पोट धरून तळमळणारी. राउंड पुढे सरकत होता. आत्या तिच्याकडे कलली.

“दुखतंय म्हन वं बाई,” ती हळूच म्हणाली. “दुखून राहिलं नको म्हनू. राहिलं म्हटलं का घरी धाडते.”

“काहून?”

“तू म्हन तं.”

त्या बाईने दोनचारदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. डॉक्टर आला, काय होतंय म्हणाला.

“दुखतंय,” ती म्हणाली. आत्याने समाधानाने मान हलवली.

“उलट्या?”

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. “उलट्या होऊन रा...” ती बोलून गेली, आणि शिवी निघाल्यासारखा तिने तोंडावर पदर दाबून धरला.